मापाची वही

लायल हॅगस्ट्रॉम. कॉलर साडेपंधरा, कंबर तीस.
फेब्रुवारी त्रेपन्न. नोंद शिसपेन्सिलीची,
कारण मिस्टर पॉकॉक म्हणाले होते,
अमेरिकन आहे, टिकायचा नाही.
मी अठराची, तोंडात टाचण्या धरून
त्याच्या बाहीवर सार्जंटच्या फिती टाचत होते.
बाहेर टेम्सवर धुकं, आत रॉकेलच्या शेगडीचा वास.
जाताना त्यानं आपल्या चहाची साखर
कागदाच्या पुडीत बांधून टेबलावर ठेवली.
साखर तेव्हा रेशनवर होती.

पहिल्या सिनेमात तो बाराव्या मिनिटाला मेला,
दुसऱ्यात नवव्या.
छान मरायचा. उगाच हातपाय झाडणं नाही,
दिवा मालवून खोलीबाहेर पडावं, तसा.

कंबर बत्तीस : मेजर.
चौतीस : कर्नल. तीनदा, एकाच कोटात.
छत्तीसला त्याला जनरल करून नकाशासमोर उभा केला,
हातात छडी, वाक्य एक :
"सभ्य गृहस्थहो, आपल्याकडे वेळ नाही."
सोळा सिनेमांत तो हेच बोलला.
वेळ तर त्याच्याकडे ढिगानं.
दोन कामांच्या मधे सहा-सहा महिने,
क्रॉयडनची भाड्याची खोली, शिलिंग टाकला तरच गॅस;
मग इथं यायचा, म्हणायचा, बटणं आहेत का लावायची?
जनरलच्या टाक्याला मी कधी नाव ठेवलं नाही.

मुळात तो हळू बोलायचा.
आमच्या डुलुथला, सांगायचा, थंडी इतकी
की माणसं तोंड बेतानंच उघडतात.
दिग्दर्शक वैतागायचे : अरे, जरा अमेरिकन बोल ना!
की तो टेक्ससचा गुराखी काढायचा,
जो त्यानंही सिनेमातच ऐकलेला.

एकसष्टला आई गेली, तेव्हा बोटीनं गेला.
तीन आठवड्यांत परत.
पायाचं माप घेत मी खाली बसले होते, तर वरून म्हणाला,
लहानपणापासूनच्या वाण्यानं विचारलं मला,
साहेब, आमचं गाव कसं वाटलं?
मी टेप सोडली नाही.
आतली शिवण एकतीस, लिहिलं.

कंबर चाळीस : राष्ट्राध्यक्ष.
पाठमोरा, खुर्चीत, कानाला फोन.
शर्टाला पुढून इस्त्री केलीच नाही मी.
त्याला ठाऊक होतं. दिवसभर
त्या चुरगळलेल्या छातीनं देश चालवला त्यानं.

मग कंबर उतरत गेली. अडतीस. पस्तीस.
शेवटच्या कामाला लीड्सची एक पोरगी होती,
उच्चार शिकवायला नेमलेली.
अमेरिकेत पाण्याला कसं म्हणतात
ते ती त्याला शिकवत होती.
तुमचं जरा इंग्लिश ऐकू येतं, म्हणाली.
तो दहादा पाणी म्हणाला.
अकराव्यांदा तिनं ग्लास भरून आणला, बिचारीनं,
आणि तो प्यायला.

लोक विचारतात, तुमचं काही होतं का.
बेचाळीस वर्षं टेप लावली त्याला,
इंचात सांगता येईल तेवढं वहीत आहे.

आणि सतराव्या रॅकला एक कोट आहे.
तपकिरी, जाड लोकर, कोपरं झिजलेली.
बापाचा; खनिजाच्या धक्क्यावर वापरलेला.
हाच घालून लायल बोटीतून उतरला होता.
कधीतरी भिजला म्हणून इथं वाळत टाकला
आणि न्यायचं विसरला. विसरला म्हणे.
नव्या पोरींनी त्याला चिठ्ठी लावली :
अमेरिकन, गरीब, एकोणीसशे तीस.
मी काढली नाही.
वर्षातून दोन-तीनदा भाड्यानं जातो,
कुणाच्या कुणाच्या अंगावर.
परत आला की आधी डावा खिसा बघते.
डुलुथच्या ट्रामचं तिकीट असतं जागेवर,
कुणी हात लावत नाही त्याला.
त्यांना वाटतं, कपडेपटानंच ठेवलंय.